फिलिपिन्समधली एकमेकांना पायरी दाखवायची सवय – तुमचे अनुभव काय आहेत?

अनघा_मकाटी

नमस्कार मंडळी. मनिलात राहिलेले किंवा फिलिपिनो लोकांबरोबर काम केलेले इथे बरेच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहितीये, म्हणून इथेच विचारते.

आधी सांगते, मला हे लोक मनापासून आवडतात. पत्ता विचारला तर कोपऱ्यापर्यंत सोबत येतात, आजारी पडलं की शेजारीण आल्याचा वास येणारा गरम अर्रोस काल्दो, म्हणजे भाताची पेज, डब्यात घालून आणते, म्हाताऱ्या माणसाचा हात स्वतःच्या कपाळाला लावून नमस्कार करतात. आणि तरी हेच लोक एकमेकांना ज्या नजरेने मापतात ना, ते बघून जीव तुटतो. रंग कसा, नाक कसं, इंग्रजी कसं, कॉलेज कुठलं, गाव कुठलं, जीपनीने (शेअर जीप) आलास की ग्रॅब टॅक्सीने, पाच मिनिटांत सगळा हिशेब होतो आणि मग त्याप्रमाणे समोरच्याशी बोलायचा आवाजच बदलतो. मॉलच्या दारात गार्ड छोटी काठी घेऊन पर्स तपासायला उभा असतो, माझी पर्स बघितल्यासारखं करून गुड मॉर्निंग मॅम म्हणतो, आणि माझ्या मागून साधी चप्पल घालून आलेल्या, उन्हाने रापलेल्या माणसाची पिशवी मात्र तळापर्यंत ढवळतो. तो गार्ड स्वतः त्या माणसाच्याच वस्तीत राहत असेल.

मला सगळ्यात जास्त लागतं ते याया लोकांचं. याया म्हणजे मुलं सांभाळणारी बाई. आमच्याकडे जी आहे ती समार बेटावरची, तिला आम्ही सगळे आते म्हणतो, म्हणजे ताई. आमच्या बिल्डिंगचा नियम असा की लेक कडेवर असेल तर आतेने मेन लिफ्टने जायचं आणि एकटी असेल तर सर्व्हिस लिफ्टने, जिच्यातून कचऱ्याच्या पिशव्या खाली जातात तीच. मी विचारलं तर म्हणाले मॅम, सगळ्या चांगल्या बिल्डिंगमध्ये असंच असतं.

मागे एका वाढदिवसाला गेलो होतो, मोठ्या बंदिस्त वसाहतीतल्या क्लबहाउसमध्ये, जिथे गेटवर ओळखपत्र ठेवून आत सोडतात. इथे केटररच्या यादीत पाहुण्यांचं जेवण वेगळं आणि याया-ड्रायव्हर यांचं पाकीट वेगळं असतं. पाहुण्यांना लेचोन (भाजलेलं अख्खं डुक्कर), पास्ता, तीन प्रकारचे केक, आणि यायांना भात आणि तळलेल्या चिकनचा एक तुकडा, कागदी खोक्यात. फिकट निळ्या युनिफॉर्ममधल्या पंधरा-वीस बायका भिंतीला लागून उभ्या राहून एका हाताने खात होत्या आणि दुसऱ्या हाताने पोरांना धरत होत्या. आमच्या आतेला युनिफॉर्म नाही, जीन्स घातली होती, त्यामुळे एका आईने अगदी गोड आवाजात विचारलं की ही तुमची नातेवाईक का, मी म्हटलं नाही, आमची याया, आणि तिला माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. कोणी काही बोललं नाही. फक्त आमच्या टेबलावरचं बोलणं थांबलं. निघताना तीच आई मला बाजूला घेऊन म्हणाली, तुमचं मन मोठं आहे हो, पण उद्या आमच्या याया पण हेच मागायला लागतील.

ही बाई वाईट नाहीये हे पण सांगते. माझ्या लेकीला डेंग्यू झाला तेव्हा हीच रात्रभर माझ्यासोबत हॉस्पिटलच्या बाकावर बसली होती. म्हणूनच जास्त कळत नाही मला.

आणि हे लिहायला बसले त्याचं खरं कारण म्हणजे परवा लेक शाळेतून आली, पहिलीत आहे. आते तिला काहीतरी सांगत होती, फॅमिलीला पॅमिली म्हणाली, इथे बऱ्याच जणांच्या बोलण्यात फ चा प होतो. लेकीने तिला दुरुस्त केलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, आई, आतेला इंग्लिश येत नाही ना, म्हणून ती याया आहे ना? आते हसली आणि ताटं घासायला गेली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

बाहेरून आलेल्या माणसाने यात किती बोलावं? आणि मुलांना यातून कसं वाचवायचं?

दर्यावर्दी_दापोली

ताई, वाचून वाईट वाटलं. मी बोटीवर असतो, इंजिन रूममध्ये. जिथे जाईन तिथे निम्मा क्रू फिलिपिनो. बोटीवर त्यांच्यासारखे सोबती नाहीत, कोणाच्या घरी बाळ झालं तर सगळ्या मेसला खायला घालतील, कराओके रात्री बारापर्यंत. पण त्यांच्यातही इलोइलोचा कोण, मनिलाचा कोण, कोणाची मुलं कुठल्या शाळेत, हे सतत चालू. एक बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, होता इलोइलोकडचा, पन्नाशीचा, काम असं की कॅप्टनसुद्धा त्याला विचारून दोर बांधायचा. नवीन आलेला मनिलाचा पोरगा, नुकता ऑफिसर झालेला, त्याच्या इंग्रजीच्या उच्चाराची नक्कल करायचा सगळ्यांसमोर. बोसन गप्प. मी एकदा त्याला विचारलं की दोन शब्द सुनावत का नाहीस, तर म्हणाला, सेकंड (मला बोटीवर असंच म्हणतात), माझा मुलगा पण त्याच शाळेत शिकतोय, उद्या तो पण असाच बोलेल तर मला चालेल, तो वर गेला पाहिजे. हे ऐकून मी काय बोलणार.

मनिलात कालाव रस्त्यावर, लुनेटा पार्कच्या बाजूला, खलाशांचा बाजारच भरतो. एजंट बोर्ड घेऊन उभे, पोरं फाइल घेऊन उभी. त्यातली गरीब घरची पोरं एजन्सीच्या ऑफिसात युटिलिटी म्हणून राबतात, म्हणजे चहा आणणे, झेरॉक्स काढणे, साहेबाची गाडी धुणे, महिनोन्महिने, बिनपगारी किंवा नुसत्या जेवणावर, की कधीतरी आपलं नाव बोटीला लागेल. आणि एकदा बोट लागली, डॉलर आला, गावात दुमजली घर झालं की त्याच माणसाला शेजारचा युटिलिटी करणारा पोरगा आळशी वाटतो. सगळेच असे नाहीत, पण बघितलंय.

कडक_चहा

धाग्याच्या शीर्षकावर माझा आक्षेप आहे. हे फिलिपिनो लोकांचं काय वेगळं आहे? मुंबईत नोकरांची लिफ्ट वेगळी नाही का? मोलकरणीचा कप वेगळा नाही का? उच्चारावरून आणि गावावरून माणसं आपल्याकडे कमी मोजतात का? आपण पाहुणे म्हणून त्यांच्या देशात जायचं आणि वर त्यांच्या सवयी काढायच्या हे मला पटत नाही.

अनघा_मकाटी

@कडक_चहा, मुंबईतलं वेगळं नाहीच. पण मी राहते इथे, माझी लेक मोठी होतेय इथे, आणि आते रोज माझ्या घरात आहे. जे डोळ्यासमोर घडतंय त्याबद्दलच बोलणार ना. आपल्याकडे पण आहे म्हणून इथलं बघायचं नाही, तर मग कुठलंच कधी बघायचं नाही असं होईल.

रमा_बातांगास

अनघा, मी इथल्या घरात सून आहे, नवरा बातांगासचा, सासरी चौदा-पंधरा माणसांचा गोतावळा. दोन गोष्टी वेगळ्या करून बघाव्यात असं मला वाटतं.

एक म्हणजे तिता मंडळींचं बोलणं. तिता म्हणजे मावशी-आत्या-काकू सगळ्याच. ख्रिसमसला दारातून आत पाऊल टाकत नाही तोच, अगं किती जाड झालीस, काळी पडलीस, दुसरं मूल कधी. पहिल्या वर्षी मी खोलीत जाऊन रडले होते. पण तीच तिता ताट वाढताना माझ्यासाठी चिंच घातलेल्या सिनिगांग सूपमधलं मांस बाजूला काढून ठेवते कारण मला डुक्कर चालत नाही. त्यांच्याकडे जाड झालीस हे आपल्या ‘बरी आहेस ना’ सारखं तोंडात बसलेलं आहे. मुलींच्या मनावर ओरखडे पडतात हे खरंच, पण त्यात वरचा-खालचा नसतो, सगळे सगळ्यांना बोलतात.

दुसरं मात्र विषारी आहे. माझ्या नणंदेची मुलगी सावळी, नाक बसकं, अतिशय हुशार. घरातली आजीच लहानपणापासून तिच्या नाकाचा शेंडा चिमटीत धरून ओढायची, उंच होईल म्हणून. पपईचा साबण बाथरूममध्ये कायम. कॉलेज झाल्यावर ती नोकरीच्या मुलाखतींना गेली, रिसेप्शनच्या कामाला, जाहिरातीत लिहिलेलं असायचं ‘प्लीझिंग पर्सनॅलिटी हवी’, आणि इथे प्रत्येकाला माहितीये त्याचा अर्थ उंच, गोरी, तरुण. मग तिने ग्लुटाथायोनच्या सलाइनसाठी पैसे साठवायला सुरुवात केली. गोरं व्हायला हे इंजेक्शन घेऊ नका असे इशारे तिथल्या औषध प्रशासनाने कितीदा दिलेत, तरी ब्युटी क्लिनिकबाहेर पाट्या झळकतात. मी आणि नवऱ्याने तिला समजावून समजावून थांबवलं. आता ती कॉल सेंटरला आहे, जिथे चेहरा दिसत नाही. हे वाक्य तिचंच आहे आणि ती ते अगदी सहज म्हणाली.

वयाचंही तसंच होतं, पस्तिशीच्या पुढच्या बायांना दुकानात कामाला घ्यायचेच नाहीत. २०१६ मध्ये वयावरून नाकारू नये असा कायदा आलाय. जाहिरातीतून वय गेलं. मुलाखत घेणाऱ्याच्या डोक्यातून जायला वेळ लागेल.

विशाल_दावाव

मी दावावला, म्हणजे देशाच्या दक्षिणेला, मेडिकलला आहे. इथे भारतीय पोरं भरपूर, मराठी पण आहेत. इकडे सगळे बिसाया बोलतात आणि मनिलाबद्दल यांच्या मनात जो राग आहे तो आल्याशिवाय कळत नाही. टीव्हीवरच्या मालिकांमध्ये मोलकरीण असली की ती बिसाया हेल काढून बोलणार, इ चा ए आणि ओ चा उ, आणि मालकीण मनिलाचं टागालोग-इंग्लिश मिसळलेलं. लहानपणापासून हे बघितलेली माझी क्लासमेट सांगत होती की मनिलाला इंटर्नशिपला गेली तेव्हा पहिले काही आठवडे तोंडच उघडलं नाही, लोक हेल ऐकून हसायचे म्हणून. डॉक्टर होणारी मुलगी ही!

मॅनी पॅक्वियावचं बघा ना. बुकिडनॉनमध्ये जन्मलेला, जनरल सँटोसचा, आठ वेगवेगळ्या वजनगटांत जगज्जेता, जगात असा दुसरा नाही. मॅच असेल तेव्हा अख्ख्या देशात रस्ते ओस पडायचे. आणि मॅच संपली की त्याच्या इंग्रजीची नक्कल. सिनेटर झाल्यावर तर जास्तच.

वॉर्डात रोज बघतो. धर्मादाय वॉर्डातले पेशंट डोंगराकडचे, केळीच्या मळ्यात काम करणारे. मोठे डॉक्टर राउंडला येतात, इंग्रजीत बोलून पुढे जातात. ‘नोजब्लीड’ म्हणतात इथे, म्हणजे इंग्रजी ऐकून नाकातून रक्त येतं, सगळे हसत म्हणतात. पण एक आजी मला खरंच घाबरून विचारत होती की डॉक्टर काय म्हणाले, मी मरणार आहे का? तिला फक्त एक दिवस आणखी थांबायला सांगितलं होतं. मी माझ्या मोडक्या बिसायात सांगितलं तर तिने माझे दोन्ही हात धरले. त्यात २०२४ च्या कायद्याने बालवर्गापासून तिसरीपर्यंत मातृभाषेतून शिकवायची सक्ती पण गेली, जी १०-१२ वर्षं चालली होती. म्हणजे आता त्या आजीच्या नातवाला पहिल्या दिवसापासून टागालोग आणि इंग्रजी.

आपल्यालाही सोडत नाहीत बरं का. भारतीय दिसला की बुंबाय. मोटरसायकलवरून फिरत व्याजाने पैसे देणारे पंजाबी लोक इथे खूप, पाच घ्या सहा परत करा असा तो धंदा, त्यामुळे सगळे भारतीय म्हणजे सावकार आणि अंगाला वास येणारे. पोरं ऐकत नसतील तर आया सांगतात, बुंबाय येऊन पोत्यात घालून नेईल. आमच्या घरमालकिणीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं करी शिजवायची नाही. आता तीच रविवारी डाळ मागून नेते, तो भाग निराळा.

मोडी_लिपी

थोडा इतिहास घालतो कारण त्याशिवाय हे अधांतरी वाटतं. १५६५ ते १८९८ स्पेनचं राज्य. त्यात स्पेनमध्ये जन्मलेला गोरा सगळ्यात वर, इथे जन्मलेला गोरा त्याच्या खाली, मग मिश्र, चिनी, आणि तळाला मूळचा माणूस ज्याला ते इंडियो म्हणायचे. हे नुसतं बोलण्यात नव्हतं, कर सुद्धा वर्गाप्रमाणे वेगळा होता. होझे रिझाल या तिथल्या राष्ट्रपुरुषाने १८८७ साली ‘नोली मे तान्गेरे’ या कादंबरीत डोन्या विक्टोरिना नावाची बाई रंगवलीय, स्वतः इथलीच पण तोंडाला थरावर थर पावडर लावून स्पॅनिश असल्याचा आव आणणारी. १९५६ च्या कायद्यामुळे रिझाल शिकल्याशिवाय तिथे पदवी मिळत नाही, म्हणजे शिकलेल्या प्रत्येक माणसाला ही बाई ठाऊक आहे.

मग अमेरिकन आले. १९०१ मध्ये ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून पाचशेच्या आसपास शिक्षक उतरले आणि इंग्रजी ही वर जायची शिडी झाली. १९३७ ला राष्ट्राध्यक्ष केसोन यांनी टागालोगच्या पायावर राष्ट्रभाषा जाहीर केली, तर बिसाया बोलणाऱ्यांना आणखी एक वरची पायरी डोक्यावर आली. रंग स्पेनमुळे, उच्चार अमेरिकेमुळे, हेल मनिलामुळे.

राजकारणात हे फार उघडं पडतं. जोसेफ एस्त्राडा, सिनेनट, कॉलेज सोडलेला, १९९८ ला गरिबांच्या मतांवर प्रचंड फरकाने राष्ट्राध्यक्ष झाला. त्याच्या इंग्रजीवरचे विनोद शहरी मध्यमवर्ग वर्षानुवर्षं सांगत होता. भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून जानेवारी २००१ मध्ये मनिलातल्या एडसा रस्त्यावर लोक जमले आणि तो गेला, ते लोकशाहीचं यश म्हणून गाजलं. त्याला अटक झाल्यावर एप्रिलअखेर त्याच रस्त्यावर झोपडपट्टीतली लाखो माणसं आली, तर त्यांच्याबद्दल काय बोललं गेलं? दात नसलेले, घाणेरडे, वास मारणारे, पैसे देऊन आणलेले. आरोप खरे असतील, एस्त्राडाचं मी समर्थन करत नाही. पण रस्ता तोच, देश तोच, आणि एका गर्दीला नागरिक म्हटलं, दुसरीला झुंड. आजही निवडणूक हरली की ‘बोबोतान्ते’ म्हणजे मूर्ख मतदार अशी शिवी सोशल मीडियावर पडते आणि ती कायम गरिबालाच पडते. ज्याला तुम्ही पाच वर्षं मूर्ख म्हणता तो सहाव्या वर्षी तुमच्या उमेदवाराला मत का देईल?

कडक_चहा

@मोडी_लिपी, माहिती चांगली आहे. पण स्पेन जाऊन सव्वाशे वर्षं झाली. यायाला कागदी खोक्यात भात देणारी बाई आज जिवंत आहे, तिला स्पेनने सांगितलं नव्हतं. स्वस्तात माणूस मिळतो आणि तो तसाच स्वस्त राहावा म्हणून त्याला खालचा म्हणायचं, एवढं सरळ आहे हे. अनघाताईंना ती आई जे म्हणाली, ‘आमच्या याया पण मागतील’, त्यातच सगळं आलं. मी आधी जरा तोडून बोललो, पण आता वाचतोय, लिहीत राहा.

दुबई_नर्स

कडक_चहा यांना +१. माझ्या वॉर्डात फिलिपिनो मुली आहेत. त्यांच्यातलीच एखादी घरकामाच्या व्हिसावर आलेल्या बाईशी लिफ्टमध्ये बोलायचं टाळते, कोणी आपल्याला पण डीएच समजेल म्हणून. डीएच म्हणजे डोमेस्टिक हेल्पर. आणि तिची स्वतःची आई हाँगकाँगला हेच काम करून तिला नर्सिंग शिकवून गेलीय. तिच्या मोबाइलच्या वॉलपेपरवर आईचा फोटो आहे. मला त्या मुलीचा राग येत नाही, तिला कोणी इतकं घाबरवून ठेवलं त्याचा येतो.

रमा_बातांगास

एक चांगली गोष्ट सांगते नाहीतर धागा फारच काळवंडेल. नोरा औनोर. बिकोलमधल्या इरिगाच्या रेल्वे स्टेशनवर पाणी विकणारी, बुटकी, सावळी पोर. १९६७ मध्ये गाण्याची स्पर्धा जिंकली आणि जिथे पडद्यावर फक्त गोऱ्या, अर्ध्या स्पॅनिश किंवा अर्ध्या अमेरिकन चेहऱ्याच्या नट्या चालायच्या तिथे सुपरस्टार झाली. तिच्या चाहत्यांना बाक्या म्हणायचे, म्हणजे लाकडी खडावा घालणारे, मोलकरणी, फॅक्टरीतल्या मुली. माझ्या सासूबाई त्यातल्याच, मनिलात कामाला असताना सुट्टीच्या दिवशी तिचा सिनेमा बघायला रांगेत उभ्या राहायच्या. २०२२ ला नोरा नॅशनल आर्टिस्ट झाली. २०२५ च्या एप्रिलमध्ये गेली तेव्हा सासूबाई टीव्हीसमोरून उठल्या नाहीत, म्हणाल्या, ती पडद्यावर आली तेव्हा मी पहिल्यांदा आरशात नीट बघितलं होतं.

अनघा_मकाटी

सगळ्यांचे आभार, दोन दिवस वाचतेय. विशाल, त्या आजींचं वाचून डोळे भरून आले.

लेकीशी बोलले. भाषण दिलं नाही. आतेला वाराय येतं, ती तिची घरची भाषा, टागालोग येतं, सेबूला काम केलंय म्हणून सेबुआनो येतं, इंग्रजी कामापुरतं, आणि आता मराठीत ‘भात संपव’ आणि ‘चप्पल कुठंय’ येतं. लेकीला म्हटलं मोज किती झाल्या. मग तिने आतेला वारायमध्ये एक ते दहा शिकवायला सांगितलं. शाळेत फक्त इंग्रजीतच बोलायचा नियम आहे, टागालोग बोललं तर शिक्षिका टोकते, त्याबद्दल पालकसभेत विचारणार आहे. एकटीनेच विचारावं लागेल असं दिसतंय.

लिफ्टचं पत्र बिल्डिंगच्या ऑफिसला दिलं, पोच घेतली, उत्तर नाही. शेजारच्या दोन फ्लॅटवाल्यांना सही मागितली. एकाने केली. दुसरी म्हणाली मला पटतं पण माझं नाव नको. आते मात्र म्हणतेय मॅम, राहू द्या, बाकीच्या याया मलाच बोलतील की तू स्वतःला कोण समजतेस. हे मला अपेक्षित नव्हतं.

रमा_बातांगास

अनघा, लिफ्टच्या बाबतीत आतेचं ऐक, तिला त्या बायकांबरोबर रोज राहायचंय. पत्र मागे घेऊ नकोस पण त्यात तिचं नाव किंवा फ्लॅट नंबर येऊ देऊ नकोस, ‘सर्व रहिवासी आणि कर्मचारी’ असं लिही.

तोपर्यंत घरातलं पक्कं कर. २०१३ चा कासांबाहाय कायदा आहे, घरकामगारांसाठीचा. लेखी करार हवा, तिला कळेल अशा भाषेत. रोज एकूण आठ तास विश्रांती, आठवड्यातून पूर्ण चोवीस तास सुट्टी. एसएसएस (सामाजिक सुरक्षा), फिलहेल्थ (आरोग्य विमा), पाग-इबिग (घरासाठीचा बचत निधी) ही तिन्ही खाती तिच्या नावाने भर आणि पावत्या तिच्याकडे दे, तुझ्या फाइलमध्ये नको. तेराव्या महिन्याचा पगार २४ डिसेंबरच्या आत. वर्ष झालं की पाच दिवस पगारी रजा. बऱ्याच याया या गोष्टी मागत नाहीत कारण मागितलं की मॅडमचं तोंड उतरतं.

आणि त्या आईला, जिच्यासोबत हॉस्पिटलच्या बाकावर रात्र काढलीस, तिलाच हा करार दाखव. रागाने नको, चहाला बोलाव आणि सांग की मी हा असा केलाय, तुझ्याकडे कसा आहे. ती बसेल वाचायला असं मला वाटतं. माझ्याकडे टागालोगमधला नमुना आहे, मेसेजमध्ये पाठवते, वारायमधला कोणाकडे असेल तर इथे सांगा.